कोरोना गेला, पण आमची गाडी कुठं गेली?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, किंवा सरळ पुढं जा. पण अर्धवट वाचून "काका, आता सगळ्यांकडं गाड्या आहेत" असं कुणी लिहू नका. उत्तर खाली दिलेलं आहे.

गेली चार-पाच वर्षं मी एकच वाक्य ऐकतोय. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत, लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींत. "कोरोनानंतर प्रवासीच राहिले नाहीत हो, म्हणून फेऱ्या कमी केल्या." हे वाक्य उलटं आहे. आधी फेऱ्या गेल्या, मग प्रवासी गेले. आणि एकदा गेलेला प्रवासी "आजपासून गाडी पूर्ववत सुरू" असा फळा लावला म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही. सहा महिने दुकान बंद ठेवून सातव्या महिन्यात "गिऱ्हाईकच नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराला आपण शहाणा म्हणत नाही. इथं मात्र सगळे मान डोलावतात.

थोडा मागचा हिशेब मांडतो, कारण नव्या पिढीला तो माहीत नाही.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुटली. त्या वेळी आपलं बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं एसटी इथं काही पाहुणी म्हणून आली नव्हती, ती घरचीच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली. स्टँडवरच्या पाट्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले, पुढं १९९७ मध्ये हुबळीला मुख्यालय असलेलं वायव्य कर्नाटक महामंडळ आलं. पण माणसांची ये-जा बदलली नाही. चंदगडचा माणूस आजही बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावला येतो. त्याचं जिल्ह्याचं गाव कोल्हापूर, ते शंभर किलोमीटरच्या वर. आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. निपाणीचा माणूस उलट कोल्हापूरकडं बघतो. खानापूर-जांबोटीकडच्या घरातला एक तरी मुलगा गोव्यात कामाला असतो. कुणी कुठल्या राज्यात राहायचं ते दिल्लीत ठरलं. कुणी कुठं पोरगी द्यायची, कुठल्या डॉक्टरकडं जायचं, कुठल्या बाजारात गूळ विकायचा, ते गाडीच्या वेळापत्रकावर ठरत होतं.

आता कोरोनाचा काळ तारखेवार बघा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सगळं थांबलं. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. उलट त्या काळात एसटीनं जे केलं ते आपण फार लवकर विसरलो. राजस्थानातल्या कोट्यात अडकलेली मुलं एसटीनं परत आणली. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं. मुंबईत लोकल बंद असताना नर्स, सफाई कामगार, पालिकेचे कर्मचारी यांना एसटीनं कामावर नेलं. मे २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली आणि ज्या गाडीत माणसं बसायची तिच्यात आंब्याच्या पेट्या भरल्या. हे करताना कितीतरी चालक-वाहक आजारी पडले, काही गेले. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचेच पगार तीन-तीन महिने थकले होते.

मग गाड्या हळूहळू सुरू झाल्या. कर्नाटकात १९ मे २०२० पासून. महाराष्ट्रात त्याच सुमारास जिल्ह्याच्या आत, बावीस माणसं घेऊन. आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात २० ऑगस्टपासून. राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्या सगळ्यांत शेवटी. म्हणजे नागपूरचा माणूस पुण्याला जाऊ लागला, त्यानंतरही कितीतरी दिवस शिनोळीचा माणूस पलीकडं दिसणाऱ्या बेळगावात गाडीनं येऊ शकत नव्हता. पुढं २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागायला सुरुवात झाली. ज्याचं तिकीट शंभर-सव्वाशेचं, त्यानं तपासणीला त्याच्या कितीतरी पट पैसे घालायचे! गरीब माणसानं काय केलं? जाणं सोडलं. मावशीच्या बाराव्याला गेला नाही, पुतण्याच्या बारशाला गेला नाही.

हे निवळतंय तोवर एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटकातल्या बस कर्मचाऱ्यांचा दोन आठवडे संप झाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रात एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत, जवळजवळ सहा महिने. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्यांना मी दोष देणार नाही. पण हिशेब करा. मार्च २०२० पासून एप्रिल २०२२ पर्यंत, पंचवीस महिन्यांत सीमेवरच्या माणसाला भरवशाची गाडी किती महिने मिळाली असेल? पंचवीस महिन्यांत माणूस सवय बदलतो. पोराला कॉलेजला जायला जुनी मोटारसायकल घेतली जाते, हप्त्यावर. बाकीचे वडापमध्ये कोंबून जातात. म्हातारी माणसं घरी बसतात. ह्या घरी बसलेल्या माणसांनाच मग कागदावर "प्रवासी संख्या घटली" असं म्हणतात.

आकडे सांगतो. महाराष्ट्राच्या एसटीतून कोरोनाआधी रोज सुमारे ६५ लाख लोक जायचे. नंतर तो आकडा पंचावन्न लाखांच्या आसपास आला. गाड्या अठरा हजारांवरून पंधरा हजारांच्या आसपास आल्या. जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि नव्या वेळेवर आल्या नाहीत. आता तुम्हीच सांगा, गाड्याच तीन हजारांनी कमी झाल्या तर माणसं बसणार कुठं? टपावर?

माझा मुख्य मुद्दा असा की संकटात "तात्पुरतं" म्हणून जे काढून घेतलं जातं, ते संकट गेल्यावर आपोआप परत मिळत नाही. ते मागावं लागतं. रेल्वेचं बघा. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. कारण काय, तर म्हाताऱ्यांनी उगाच प्रवास करू नये, जिवाला धोका. धोका गेला, सवलत काही आली नाही. पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं, कमीत कमी १० रुपयांचं तिकीट ३० रुपये झालं. ते परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चार वर्षं! आणि ते झालं कारण लोक ओरडत राहिले. बसच्या फेऱ्यांसाठी कोण ओरडलं?

आता "तोटा" या शब्दाकडं येतो. हा माझ्या धंद्यातला शब्द आहे. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि निवृत्त होईपर्यंत ताळेबंदच वाचले, तेव्हा ह्या विषयावर जरा बोलायचा अधिकार आहे.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की महानगरात एक आणि शहरात एक शाखा उघडायची असेल तर जिथं बँक नाही अशा ग्रामीण भागात चार उघडा. त्या चार शाखा पहिल्या दिवसापासून फायद्यात असतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मी अशा शाखेत काम केलंय. पत्र्याचं छप्पर, एक कपाट, तीन माणसं. हेड ऑफिसच्या दृष्टीनं ती शाखा तोट्यातच होती. पण त्या शाखेत शेतकऱ्याचं पीककर्ज होत होतं, बायकांची बचत जमत होती, आणि त्यातली ठेव शहरातल्या शाखेला कर्ज द्यायला उपयोगी पडत होती. शाखेचा नफा एकटा बघून बँक चालत नाही, तसा एका फेरीचा नफा बघून बससेवा चालत नाही. आणि सांगायला हरकत नाही, ती शाखाही गाडीमुळंच चालायची. सकाळची पहिली गाडी आली की क्लार्क आला, टपाल आलं, वर्तमानपत्र आलं. संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम शाखेतच, टेबलावर.

आता एका फेरीचा हिशेब करू. समजा पंचेचाळीस किलोमीटरची फेरी आहे. गाडी लिटरला साडेचार किलोमीटर जाते धरा. दहा लिटर डिझेल, नव्वदच्या भावानं नऊशे रुपये. टायर, ऑइल, किरकोळ झीज यांचे अडीचशे. झाले साडेअकराशे. चालक-वाहकाचा पगार, गाडीचा घसारा, आगाराचं भाडं हे फेरी रद्द केली तरी चालूच राहतं, ते ह्या फेरीच्या नावावर लावू नका. तिकीट सत्तर रुपये धरलं तर सतरा प्रवाशांत फेरी आपला वरखर्च काढते. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत सतरा! पण थांबा. महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, तो सरकारला जातो. तो वजा केला की सतराचे वीस होतात. म्हणजे तीन माणसं केवळ सरकारी तिजोरीसाठी बसवायची. आणि वर्षाअखेरीला तेच सरकार म्हणणार की एसटी तोट्यात आहे. असा खातेदार माझ्या शाखेत आला असता तर मी त्याला चहा पाजून बाहेर पाठवला असता.

शिवाय फेरी रद्द केली की तोटा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या वहीत जातो. वडापवाल्याला दुप्पट पैसे देणाऱ्या शेतमजुराच्या वहीत, मोटारसायकलचा हप्ता भरणाऱ्या बापाच्या वहीत. आणि बारावीनंतर "रोज एवढं लांब एकटी कशी जाणार" म्हणून घरी बसवलेल्या मुलीच्या वहीत. ह्या शेवटच्या वहीचं ऑडिट कुणी करत नाही.

मुक्कामी गाडी आठवते ना? रात्री साडेआठ-नऊला गावात यायची, देवळाजवळ थांबायची, चालक-वाहक कुणाच्या तरी ओसरीवर किंवा शाळेत झोपायचे, पहाटे पाच-साडेपाचला हॉर्न. त्या हॉर्नवर गावातल्या बायका उठायच्या. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, परीक्षेची पोरं, तारखेला जाणारे पक्षकार, सगळे त्यातच. आमच्या भागातल्या एका गावची अशी मुक्कामी गाडी कोरोनात बंद झाली ती परत आली नाही. गावकऱ्यांनी अर्ज दिला. उत्तर आलं, "भारमान नाही." बंद असलेल्या गाडीचं भारमान कसं मोजलं, हे आम्हाला कुणी समजावून सांगेल का?

आता जरा कडू बोलतो, आणि ते दोन्हीकडच्यांना.

आपण सीमाभागातले लोक भाषेसाठी लढलो, त्याचा अभिमान आहे. खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालो. पण दर दोन-तीन वर्षांनी राग निघतो तो गाडीवरच का? डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी नाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तर पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका वाहकाला भाषेवरून मारहाण झाली, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या चालकाला काळं फासलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या सीमेवर थांबल्या. नुकसान कुणाचं? दगड मारणारा कधी बसनं जात नाही, तो मोटारसायकलवर येतो आणि मोटारसायकलवर जातो. सीमेवर उतरून, पिशवी डोक्यावर घेऊन पलीकडची गाडी शोधत चालणारी म्हातारी मात्र मराठीही असते आणि कानडीही. चालक-वाहक महिन्याच्या पगारावर घर चालवणारी माणसं. त्यांच्या तोंडाला काळं फासून कुठली भाषा मोठी होते? जे कोरोनानं पंचवीस महिन्यांत केलं, तेच आपण आठ-आठ दिवसांच्या हप्त्यांनी पुढं चालू ठेवलंय.

आणि सरकारं! महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. अभियांत्रिकीच्या प्रवेशात सीमाभागातल्या मुलांसाठी तरतूद आहे. उत्तम. पण दवाखान्यापर्यंत, कॉलेजपर्यंत जायचं कशानं? कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना शक्ती योजनेत फुकट प्रवास. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. दोन्हीकडची दानत मोठी, पण दोन्ही सवलती सीमेवर येऊन उभ्या राहतात. निपाणीच्या पुढं दहा मिनिटांत बाई तीच, गाडी तीच, तिकीट वेगळं. ज्यांचं अर्धं गोत पलीकडं आहे त्यांनाच ह्या योजना अर्ध्या मिळतात.

आता आपल्या घरातलं. ह्या वाचकांतले बहुतेक माझ्यासारखेच. पेन्शन आहे, दारात गाडी आहे, मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात. आपल्याला एसटी लागत नाही, म्हणून ती कुणालाच लागत नाही असं आपण धरून चाललोय. आपल्याकडं धुणंभांडी करायला येणारी बाई कशानं येते, विचारलंय कधी? दूधवाला, गवंडी, दवाखान्यातली आया? आणि आपल्याबद्दलच बोलायचं तर, सत्तरीनंतर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत गाडी चालवणं किती दिवस जमणार आहे? डॉक्टरनं चष्म्याचा नंबर सांगितला की किल्ली मुलाच्या हातात जाते, आणि मुलगा पुण्यात असतो.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी इथं खरं तर बोलावं. मध्य प्रदेशनं आपलं रोडवेज २००५ च्या सुमारास गुंडाळलं. तोट्यात होतं म्हणून. वीस वर्षं खाजगी बसवाल्यांच्या मर्जीवर गेली. जिथं पैसा तिथं गाडी, आडगावाला रामराम. आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्याच सरकारनं सुगम परिवहन सेवा नावानं पुन्हा सरकारी देखरेखीखाली बससेवा उभी करायला मंजुरी दिली. मोडायला एक सही पुरते, उभं करायला वीस वर्षांनी नव्यानं सुरुवात करावी लागते. गोव्यातल्या मंडळींनाही माहीत आहे, संध्याकाळी सात-आठ वाजले की खाजगी मिनीबस कशा गायब होतात. तिथं २०२३ मध्ये सरकारनं "म्हजी बस" योजना आणली, खाजगी बस कदंबाच्या वेळापत्रकात घ्यायच्या. निदान दुखणं कुठं आहे ते तरी ओळखलं.

नुसतं रडगाणं नको, म्हणून मागण्या लिहितो. फार मोठ्या नाहीत.

एक. मार्च २०२० ला ज्या फेऱ्या चालू होत्या त्यांची यादी प्रत्येक आगारात आहे. ती फलकावर लावा. कुठली परत सुरू झाली, कुठली नाही, आणि का नाही, ते समोर लिहा.

दोन. बंद फेरी सुरू केली की निदान सहा महिने, एकाच वेळेला, न चुकता चालवा. पंधरा दिवसांत भारमान बघून बंद करू नका. विश्वास म्हणजे ठेव, ती एका दिवसात जमत नाही.

तीन. दोन राज्यांमधल्या गाड्या परस्पर करारानं चालतात. मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे. कुणी किती फेऱ्या, किती किलोमीटर, सगळं करारात असतं. त्या करारातच सीमेलगतच्या तालुक्यांसाठी सवलत सीमेपलीकडं तीस-चाळीस किलोमीटर चालेल असं कलम घाला. पैशांचा हिशेब दोन सरकारांनी वर्षाअखेरीला करावा. बँका रोज क्लिअरिंग करतात, दोन राज्यांना वर्षातून एकदा जमू नये?

चार. एसटीवरचा साडेसतरा टक्के प्रवासी कर निदान ग्रामीण आणि सीमेवरच्या फेऱ्यांवरून काढा.

पाच. पुढच्या साथीची तयारी आत्ता करा. साथ पुन्हा येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. सगळं बंद करायची वेळ आलीच तर दवाखान्याची एक सकाळची आणि एक संध्याकाळची फेरी प्रत्येक तालुक्याला चालू राहील, सीमा असो वा नसो, हे नियमात लिहून ठेवा. खिडक्या उघड्या, माणसं निम्मी, मास्क, चालकाच्या मागं पडदा, हे सगळं आपण २०२० मध्ये शिकलोय. शिकलेलं फुकट घालवू नका.

सहा. गाड्यांना आणि चालक-वाहकांना हात लावणार नाही, अशी शपथ दोन्हीकडच्या संघटनांनी जाहीर घ्यावी. भांडण कोर्टात करा, सभेत करा, रस्त्यावर मोर्चा काढा. गाडी सोडा.

काही जण म्हणतील, तुमच्या एका पोस्टनं काय होणार? एका पोस्टनं काहीच होत नाही, ते मला कळतं. आगारप्रमुखाच्या टेबलावर चाळीस अर्ज पडले की मात्र फाईल उघडते. मी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, फाईल कशानं हलते ते मला ठाऊक आहे. एक अर्ज दिला तर तो गृहस्थ त्रासदायक ठरतो. चाळीस दिले तर ती मागणी ठरते. तेव्हा आपल्या गावाची बंद झालेली फेरी, तिची जुनी वेळ, ती कुठून कुठं जायची, हे एका कोऱ्या कागदावर लिहा. गावातल्या पाच-दहा जणांच्या सह्या घ्या, त्यात एक सही कॉलेजला जाणाऱ्या मुलीची असू द्या. अर्ज आगारात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.